एकच खिळा दोनदा

मागच्या मार्गशीर्षात भाचीचं लग्न झालं आणि पत्रिका मी केली. घरात एक ग्राफिक डिझायनर असला की पत्रिका, बारशाचे बोर्ड, साठीशांतीचे बॅनर हे सगळं आपोआप त्याच्याकडे येतं, पैशाचा विषय कुणी काढत नाही आणि चुकून काढला तर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, तर ते असो. मराठी पत्रिका नेहमीसारखी होती, गणपती, कुलदैवत, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वगैरे. इंग्रजी पत्रिका भाचीच्या ऑफिसातल्या लोकांसाठी वेगळी होती, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की "मामा, चकचकीत नको, जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानासारखं कर." मला काय, आवडीचं काम. जाडसर ऑफव्हाइट कागद घेतला, काळ्याच्या अगदी जवळ जाणारा तपकिरी रंग घेतला, आणि वर मधोमध एक डिस्ट्रेस्ड सेरिफ, म्हणजे टोकांना बारीक पाय असलेला आणि मुद्दाम झिजवलेला फॉन्ट टाकला. कडा कुरतडल्यासारख्या, मध्येच शाई न लागल्यासारखे पांढरे ठिपके, अक्षरांचे पाय झिजलेले. पहिली ओळ 'टुगेदर विथ देअर फॅमिलीज'. भाची खूश, तिच्या मैत्रिणींनी स्टेटसला लावली, मी पण लावली.

मग एका रविवारी पत्रिका आणि अक्षता घेऊन कऱ्हाडला नानांकडे गेलो. नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, वय त्र्याऐंशी, आणि सबंध आयुष्य छापखान्यात जुळारी म्हणून, म्हणजे शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे, हाताने ओळीत लावण्यात गेलेलं. मी दोन्ही पत्रिका त्यांच्या हातात दिल्या, नमस्कार केला. त्यांनी मराठी पत्रिका वाचून बाजूला ठेवली, पण इंग्रजी हातात धरून बसले. आधी पाठीमागून अंगठा फिरवला, काही उमटलंय का बघायला. मग उठून आत गेले आणि भिंग घेऊन आले. नानांना इंग्रजी वाचता तसं फार येत नाही, जुळवता मात्र येतं, त्या काळच्या पुष्कळ जुळाऱ्यांचं असंच होतं. भिंग 'टुगेदर'वर थांबलं. कानावरची पेन्सिल काढली (घरात बसूनही या माणसाच्या कानावर पेन्सिल असते) आणि कडेला समासात एक छोटी फुली मारली. मग तिच्याखाली दुसरी.

"हे दोन्ही ई मोडलेत. पोटातली आडवी रेघ तुटलीय बघ. बदलायला सांग."

मी काही बोलायच्या आत ते परत भिंगात वाकले आणि म्हणाले, "आणि एका ओळीत एकच खिळा दोनदा कसा काय आला रे?"

मी भिंग घेतलं आणि बघितलं. 'टुगेदर'मधला पहिला ई आणि दुसरा ई, दोघांची आडवी रेघ उजवीकडून तिसऱ्या हिश्श्यावर तुटलेली, दोघांच्या पाठीवर डावीकडे वरती एक टवका उडालेला, टवक्याच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. अगदी तेच. जुळी भावंडं पण इतकी सारखी नसतात. मी ही ओळ स्क्रीनवर आठशे टक्के झूम करून पाहिली होती, किती वेळा पाहिली असेल देवजाणे, आणि मला हे दिसलं नव्हतं. नानांनी विचारलं, "प्रूफच आहे ना अजून?" साडेतीनशे छापून झाल्या होत्या, निम्म्या कुरिअरने गेल्या पण होत्या. मी म्हटलं, "हो नाना, प्रूफच आहे."

हे खोटं मी का बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या लहानपणी मे महिन्यात आत्याकडे गेलो की नानांचा डबा पोचवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. छापखाना म्हणजे एक लांबट अंधारी खोली, पुढे मालकाचं टेबल, मागे ट्रेडल मशीन. आत शिरताना आधी वास यायचा, शाईचा आणि रॉकेलचा मिळून एक, तो वास मला अजून कुठे रॉकेलची बाटली उघडली की अर्धाच येतो आणि उरलेला आठवावा लागतो. नाना उभ्यानेच काम करायचे. समोर तिरक्या लावलेल्या केसा, म्हणजे खिळे ठेवायचे लाकडी खण, केशीत शेकडो घरं, कारण इंग्रजीची सव्वीस लहान सव्वीस मोठी यात भागतात पण आपल्या लिपीत जोडाक्षरं, मात्रा, रफार, उकार, सगळ्यांना स्वतंत्र घर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केशीवरून नुसता भिरभिरायचा, बघायचे नाहीत कुठे हात जातोय ते. मॅटर झालं की दोरीने बांधून गॅलीत, म्हणजे लांबट तबकात. लग्नसराईत 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासूनचा ठरलेला मजकूर मोडतच नसत, बांधूनच ठेवलेला असे, फक्त नावं आणि मुहूर्त बदलायचे. आणि जेवायच्या आधी नाना हात इतके घासून धुवायचे की आम्हाला हसू यायचं. शिशाचं काम, पोटात जातं. जेवण झालं की गुळाचा खडा, गुळाने ते उतरतं असा सगळ्या छापखान्याचा समज.

खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण. शिसं मऊ, म्हणून अँटिमनी घालून त्याला कडकपणा आणायचा, पण शेवटी किती कडक होणार. हजारो कागद त्याच्यावर दाबले गेले की कडा गोलसर होतात, फरशीवर पडला तर टवका उडतो, कागदात एखादा खडा आला तर चेहऱ्यावर व्रण. आणि वेलांटीचं टोक किंवा रफाराचा आकडा खिळ्याच्या अंगाबाहेर झुकलेला असला तर तो सगळ्यात आधी मोडायचा. नानांच्या केशीखाली एक पत्र्याचा डबा होता, मोडके खिळे त्यात. डबा भरला की वजनावर टाइप फाउंड्रीला परत, तिथे वितळवून नवीन ओतले जायचे. आम्हाला पोरांना त्या डब्यातले खिळे खेळायला मिळायचे आणि आम्ही ते ओल्या मातीत उमटवायचो. म्हणजे मी आज जो फॉन्ट पैसे देऊन विकत घेतो तो मी सहाव्या वर्षी फुकट खेळलेलो आहे. आणि नानांचं निम्मं कौशल्य हे डब्यातला खिळा केशीत राहू नये यासाठी खर्च झालं. चुकून राहिला आणि छपाईत गेला तर मालकाची बोलणी कुणी खायची? जुळाऱ्यानेच.

तर मी ज्याला 'कॅरेक्टर' म्हणतो त्याला ते समासातली फुली म्हणतात.

बरं, हा नसता जुनेपणा आणायचा उद्योग कॉम्प्युटरवाल्यांनी सुरू केला असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी शिकलो दोन हजार दोन-तीनला, पुण्यात एका क्लासमध्ये, कोरल ड्रॉ नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळणारी 'पाच हजार फॉन्ट'वाली सीडी. त्यात पहिल्यांदा असलं अक्षर बघितलं, समुद्री चाच्यांच्या नकाशावर शोभेल असं, आणि मी वेडाच झालो, जिकडेतिकडे तेच, दहीहंडीच्या पावतीवरसुद्धा. पुढे कळलं की या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला टाइप, कॅस्लन अँटिक, हा खरोखरच्या शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यातला आहे. शिकागोची बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर नावाची फाउंड्री होती, तिच्यासाठी बर्न नॅडॉल याने १८९० च्या दशकात तो काढला, आणि तेव्हा नाव होतं 'फिफ्टीन्थ सेंच्युरी'. म्हणजे बघा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकागोत बसून पंधराव्या शतकाची झीज मुद्दाम कोरून नव्याकोऱ्या शिशात ओतायची. मग त्याला कॅस्लन अँटिक नाव दिलं, आणि मूळ कॅस्लनशी त्याचं तसं काही नातं नाही, आडनाव लावलं म्हणून कुणी घरातला होत नाही. पण मला याची गंमत वेगळीच वाटते. त्या खोट्या म्हाताऱ्याला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली. तो आता खराच म्हातारा झालाय, आणि त्याच्या कडा पहिल्या दिवशी जितक्या खडबडीत होत्या तितक्याच आहेत.

मूळचा विल्यम कॅस्लन, अठराव्या शतकात लंडनमध्ये काम करणारा. सुरुवातीला बंदुकांवर नक्षी कोरणारा माणूस, पुढे टाइप कोरायला लागला. त्याचा १७३४ सालचा नमुना-तक्ता प्रसिद्ध आहे, तो बघितला तर कळतं की बिचाऱ्याने अक्षर गुळगुळीत यावं म्हणून जीव ओतलाय. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ ची पहिली छापील प्रत त्याच्याच टाइपात आहे, आणि तिथली अक्षरं जी जरा फुगलेली, कडेने पसरलेली दिसतात त्यात कॅस्लनचा काय दोष. हातदाबाचं यंत्र, चिंध्यांपासून केलेला कागद, तो छापायच्या आधी ओला करायचा, त्यावर शाई पसरणारच. म्हणजे ज्याला आपण जुनं अक्षर म्हणतो त्यात अक्षराचा वाटा कमी, ओल्या कागदाचा आणि शाईचा जास्त. आम्ही डिझायनर लोक कागदाने केलेला गोंधळ अक्षराच्या अंगात कायमचा शिवून टाकतो आणि मग तो चकचकीत आर्ट पेपरवर छापतो.

यात प्रामाणिक लोकही आहेत. आयएम फेल नावाचे फॉन्ट गुगलवर फुकट मिळतात, इजिनो मारिनी नावाच्या इटालियन माणसाने केलेले. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल यांनी सतराव्या शतकात हॉलंडमधून वगैरे टाइपांचं साहित्य जमवलं आणि १६८६ मध्ये जाताना ते विद्यापीठाला ठेवून गेले. मारिनीने त्या टाइपातली छपाई बघून, जशी दिसते तशी, फुगवट्यांसकट अक्षरं उचलली. कुठेही ब्रशने ठिपके मारलेले नाहीत. मला हे फॉन्ट फार आवडतात, विशेषतः तिरपे अक्षर, ते असं काही लचकत चालतं की वाचता वाचता मध्येच थांबून बघावंसं वाटतं. पण पुन्हा नानांचा प्रश्न तिथेही लागू आहेच की, कुठल्यातरी एका पानावरचा एक ई घेतला आणि तोच पुस्तकभर.

हा प्रश्न मी घरी आल्यावर डोक्यातून काढू शकलो नाही. एकच खिळा एका ओळीत दोनदा कसा? आणि मग आठवलं की हेच वाक्य धरून एका माणसाने आयुष्य काढलंय. चार्ल्टन हिनमन नावाचा अमेरिकन संशोधक. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली छापलेला जो पहिला मोठा संग्रह आहे त्याच्या प्रती वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात ढिगाने आहेत, ऐंशीच्या वर. हिनमनने दोन प्रतींची तीच पानं आरशातून एकावर एक आणून दिवे लुकलुकवणारं एक यंत्र केलं, फरक असला की ते अक्षर थरथरायचं. त्याशिवाय तो मोडके टाइप शोधत बसला. हा एच जो इथे पायाला चिरलेला आहे तो पुढे कुठल्या पानावर येतो, मग कुठल्या. आणि नियम हाच, की एक मोडका खिळा एका वेळी एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईसाठी एकत्र आवळलेल्या पानांच्या चौकटीत, असू शकतो, तो फर्मा छापून, सोडवून, खिळे परत केशीत गेल्याशिवाय तो दुसरीकडे येणार नाही. असे शेकडो टवके जुळवून त्याने पुस्तक कुठल्या क्रमाने जुळवलं, पानं सलग एकामागून एक जुळवली नव्हती, हे सिद्ध केलं. १९६३ मध्ये ते छापून आलं. त्या साली नाना नुकतेच छापखान्यात लागले होते.

म्हणजे खऱ्या टवक्याला पत्ता असतो. तो कधी पडला, त्याच्या आधी काय छापलं आणि नंतर काय, सगळं त्यात असतं. माझ्या ई च्या टवक्याला कसलाच पत्ता नाही, तो कुणाच्यातरी लॅपटॉपवर एका दुपारी पडला आणि त्या दिवसापासून जगभरात जिथे जिथे ई आहे तिथे तिथे एकाच वेळी पडलेला आहे.

हा खोटेपणा कसा करतात तेही सांगतो, मी स्वतः केलाय. साधी पद्धत म्हणजे स्वच्छ सेरिफमध्ये शब्द टाइप करायचा, लेझर प्रिंट काढायचा, कागदाचा बोळा करायचा, उलगडायचा, वरून सँडपेपर किंवा जुना टूथब्रश फिरवायचा, मग त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, पाचव्या पिढीला अक्षर छान आजारी दिसायला लागतं. ते स्कॅन करून काळंपांढरं करून ट्रेस मारायचं. यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि हात काळे होतात, आणि खरं सांगू का, मला यातलं तेच आवडतं, हात काळे होणं. दुसरी पद्धत, इलस्ट्रेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रफन' नावाचा इफेक्ट आहे तो लावायचा, पाच सेकंद, आणि निकाल असा की अक्षराला थंडी वाजतेय. तिसरी पद्धत रेडीमेड फॉन्ट. फाटक्या जीन्सचं उदाहरण या विषयावर सगळे देतात म्हणून मी देत नाही.

रेडीमेडमध्ये पण हुशार लोकांनी यावर उपाय शोधलेत. १९८९-९० च्या सुमारास एरिक फान ब्लॉकलंड आणि जस्ट फान रॉसम या दोन डच पोरांनी बेओवोल्फ नावाचा सेरिफ केला, त्यात त्यांनी फॉन्टच्या प्रोग्राममध्येच अशी मेख मारून ठेवली की प्रिंटर प्रत्येक वेळी अक्षराचे बिंदू आपल्या मनाने थोडे हलवायचा. एका पानावर शंभर ई असतील तर शंभर वेगळे. नाना खूश झाले असते. पुढे सिस्टिमा बदलल्या आणि ती युक्ती चालेनाशी झाली, मग भरपूर पर्यायी अक्षरं भरलेली नवी आवृत्ती काढावी लागली. आता चांगल्या डिस्ट्रेस्ड फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि सॉफ्टवेअर ती आळीपाळीने लावतं, म्हणजे लावेल, जर तो ऑप्शन चालू असेल तर. माझ्या फॉन्टमध्ये होता का? नंतर तपासलं. नव्हता. स्वस्तातला होता.

याच वर्षी दोन कामं पाठोपाठ आली ती यासोबतच आठवतात. एक कॉफीचं दुकान, कोथरूडमध्ये, मालक अठ्ठावीस वर्षांचा, त्याला बोर्डावर 'सिन्स २०१९' हवं होतं आणि तेही असं की शंभर वर्षं पावसात भिजल्यासारखं. मी करून दिलं. तो बोर्ड कापायला व्हिनाइलवाल्याकडे गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन, "सर, हे काय दिलंय, एका अक्षराला दीड हजार पॉइंट आहेत, कटर तासभर नुसता कुरकुर करतोय, आणि हे ठिपके कोण चिमट्याने काढत बसणार?" बरोबर होतं त्याचं. स्क्रीन प्रिंटिंगला दिलं तर ते ठिपके भरून जातात, सोनेरी फॉइलच्या ब्लॉकला दिलं तर तसंच, आणि लहान साइझला, आठ पॉइंटला वगैरे तर ते अक्षर वाचणाऱ्याला चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटतं. ही असली अक्षरं चार-पाच शब्द, मोठी, आणि आजूबाजूला सगळं शांत असेल तरच. वर खडबडीत फॉन्ट, खाली सुरकुतलेल्या कागदाचं टेक्सचर, वर सुतळी, वर लाखेची मोहोर, असं सगळं एकदम केलं की ते गॅदरिंगमधल्या नाटकातल्या आजोबांसारखं दिसतं, पावडर लावून पांढरे केलेले केस आणि हातात काठी.

दुसरं काम एका फरसाणवाल्याचं. तिसरी पिढी, दुकान खरोखर जुनं, आजोबांच्या वेळचा हाताने रंगवलेला पत्र्याचा बोर्ड अजून वर होता, अक्षरांचे पोपडे निघालेले, एका अनुस्वाराची नुसती सावली उरलेली. मी खालून बघत उभा राहिलो, फोटो काढले. ते म्हणाले, "हा काढून टाकायचाय, एकदम नवीन पाहिजे, स्वच्छ, मॉलमध्ये असतं तसं." मी थोडं समजावून बघितलं की हेच तुमचं वैशिष्ट्य आहे वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, बोर्ड असा दिसला की लोकांना वाटतं तेल पण असंच असेल." यावर मी काय बोलणार. स्वच्छ करून दिलं. जुना बोर्ड मागितला असता तर त्यांनी दिला असता, मागायला लाज वाटली.

देवनागरीत हा प्रकार फारसा का नाही याचा मी कधी विचार केला नव्हता. एका एकांकिकेच्या पोस्टरसाठी मला जुन्या मराठी पुस्तकासारखं शीर्षक हवं होतं. देवनागरी डिस्ट्रेस्ड फॉन्ट धड मिळाला नाही म्हणून चांगला फॉन्ट घेऊन त्याच्या कडा मीच खराब केल्या, ठिपके मारले, आणि ते इतकं घाण दिसलं, शिरोरेघेला वाळवी लागल्यासारखं. काहीतरी चुकत होतं. मग घरातलं आजीचं एक पोथीवजा पुस्तक काढून भिंगाखाली धरलं. कडा तशा स्वच्छच होत्या! जुनेपणा होता तो शिरोरेघेत. सॉफ्टवेअरमध्ये शिरोरेघ सलग एक पट्टी असते. खिळ्यांच्या छपाईत दोन खिळ्यांच्या मधोमध केसाएवढी फट राहते, दर अक्षरागणिक, आणि एखादा खिळा अर्ध्या केसाने वर असतो, एखादा खाली. मी सगळे ठिपके काढून टाकले, कडा परत गुळगुळीत केल्या, फक्त प्रत्येक जोडावर शिरोरेघ बारीक कापली आणि दोन अक्षरं एक एक पिक्सेल वरखाली केली. बस. नाटकवाला बघून म्हणाला, "अरे, हे तर आमच्या शाळेतल्या बालभारतीच्या आधीचं काहीतरी वाटतंय." ते काम मला अजूनही बरं वाटतं.

आणि हे करताना जावजी दादाजींची आठवण येते, कारण निर्णयसागरची पुस्तकं ज्याने पाहिलीत त्याला माहितीये तिथली अक्षरं किती नितळ आहेत. हा माणूस लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागला होता. ओतून आलेल्या खिळ्याच्या कडेला राहिलेली धातूची कूस घासून काढायची, बोटं सोलवटत असणार. पुढे १८६९ मध्ये त्यांनी स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. ज्या माणसाने पोरवयात दिवसभर कडा गुळगुळीत केल्या त्याला माझा कुरतडलेला ई दाखवला असता तर तो काय म्हणाला असता हे मला नानांमुळे साधारण कळलंय.

तरीपण मी हे फॉन्ट वापरायचे सोडलेले नाहीत, सोडणारही नाही. स्क्रीनवर दिवसभर इतकं तासलेलं, घडी न पडलेलं अक्षर बघून डोळ्यांना कशाचा तरी खडबडीतपणा लागतो. खोटा तर खोटा. नानांना हे पटत नाही याचं कारण त्यांनी खरा खडबडीतपणा चाळीस वर्षं बोटांनी काढून टाकलाय. ऑफसेट आलं, डीटीपी आलं, त्यांच्या मालकाने केसा लाकडाच्या भावाने आणि खिळे शिशाच्या भावाने विकले. त्या दिवशी नाना घरी लवकर आले आणि बराच वेळ हात धूत बसले, आत्या सांगायची. आता मुंबई-पुण्यात हौसेने लेटरप्रेसवर कार्डं छापून देणारे आहेत, त्यात अक्षर कागदात खोल रुतलेलं असतं आणि त्याचेच जास्त पैसे. नानांच्या वेळी पाठीमागे अक्षर उमटलं की कागदामागचं पॅकिंग चुकलं म्हणून फर्मा परत काढायला लागायचा. म्हणूनच त्यांनी पत्रिका हातात आल्या आल्या मागून अंगठा फिरवला होता.

लग्नाच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. तब्येतीमुळे लग्नाला येणं जमायचं नाही म्हणाले, आणि मग, "तो खिळा बदललास ना?" मी म्हटलं, बदलला. फोन ठेवला आणि फाइल उघडली. दुसरा ई आउटलाइनमध्ये टाकला, तुटलेली रेघ जोडली, पाठीवरचा टवका बुजवला, आणि मग दुसऱ्याच ठिकाणी, खाली शेपटाकडे, एक अगदी लहानसा उडवला. माउसने टवका उडवताना पण हात जरा कचरतो हे मला पहिल्यांदा कळलं. त्याच कागदावर डिजिटलवर एकच प्रत काढून घेतली. साडेतीनशेची ऑर्डर करणाऱ्याने एक प्रत मागितली म्हणून प्रेसमधला पोरगा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

लग्न झाल्यावर लाडू-चिवडा द्यायला कऱ्हाडला गेलो तेव्हा ती प्रत नेली. नाना ओसरीवर ऊन खात बसले होते. मी काही न बोलता पुढे केली. मागून अंगठा फिरवून झाला, भिंग आणायला मला पाठवलं, देवघराच्या फळीवर होतं. 'टुगेदर'वर बराच वेळ गेला. पहिला ई, मग दुसरा, परत पहिला.

"हां," नाना म्हणाले, "आता हे वेगळे खिळे आहेत. मोडके आहेत, पण वेगळे आहेत."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि लाडवाचा डबा उघडायला लागलो. भिंग पुढे 'विथ'वर सरकलं, मग 'देअर'वर, मग परत मागे 'टुगेदर'वर, आणि एच, एच, एच असं काहीतरी पुटपुटत नानांनी कानावरची पेन्सिल काढली.